आईच्या वाकळेवर नवा थर : प्रकल्प नोंदी

शनिवार, 15 जून 2024

पावसाआधी माळा रिकामा केला. आईची वाकळ खाली काढली. मधे कडुलिंबाचा पाला होता म्हणून कसर लागली नाही, पण वरचं लुगडं घड्यांवर पार विरलंय. नुसतं बोट फिरवलं तरी सूत तुटतं. आणखी एक पावसाळा अशीच ठेवली तर आतले थरही हाताला लागतील.

माप घेतलं. लांबी 6 फूट 5 इंच, रुंदी 3 फूट 8 इंच, वजन 2 किलो 600 ग्रॅम.

शनिवारच्या वर्गात यंदा सहाजणी आहेत. प्रत्येकीची स्वतःची गोधडी होईलच, पण ही वाकळ सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची असं मनात आलंय. एक्केचाळीस वर्षं शिकवतेय. नव्या कापडावर शिकवलं, जुन्या साड्यांवर शिकवलं. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम समोर ठेवून कधी शिकवलं नाही. नोंदवही त्यासाठीच सुरू केली.

शनिवार, 22 जून

सहाहीजणी आल्या. आधी नावावरून बोलणं झालं. आमच्याकडे, सातारा-कोल्हापूरकडे, वाकळ म्हणतात. मुंबईत सगळे गोधडी म्हणतात. दोन्हींत कापूस नसतो. पिंजलेला कापूस भरला की ती रजई. वाकळीच्या पोटात जुनेरंच, म्हणजे वापरलेली जुनी कापडंच असतात, एकावर एक, आणि सगळ्यांना मिळून धावदोरा, म्हणजे वरखाली जाणारा साधा टाका.

आईचं गणित साधं होतं. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरचं. त्याच्या चार घड्या घातल्या की साडेसहा फुटांच्या वर लांबी आणि पन्ह्याएवढी रुंदी मिळते. एका माणसाचं अंथरूण, तेही एकदम चार थरांचं. कातर लावावीच लागत नाही. लुगड्याची लांबी आणि माणसाची लांबी अशी एकमेकींना बेतलेली पाहून मला आजही आनंद होतो.

आता करायचं काय, यावर एकमत होईना. बँकेतून निवृत्त झालेल्या ताई म्हणाल्या, मावशी, हिला हात लावू नका, कपड्यात गुंडाळून जपून ठेवा, संग्रहालयात ठेवतात तशी. डोंबिवलीहून येणारी म्हणाली, पूर्ण उसवा, धुऊन घ्या, पुन्हा शिवू. मी दोघींचंही ऐकलं नाही. आमच्यात वाकळ विरली की तिच्यावर नवं जुनेर चढवतात आणि जुन्यासकट पुन्हा धावदोरा घालतात. जुनी वाकळ नव्या वाकळीचं पोट होते. तेच करायचं. आत काय आहे ते बघायला फक्त एक कोपरा उसवायचा, ते ठरलं.

शनिवार, 29 जून

उजवा खालचा कोपरा उसवला. वीतभर उसवायला दीड तास लागला.

आई दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीचे दोन टाके एकाच भोकातून मागेपुढे घेऊन टोक थरांच्या आत लपवायची. त्यामुळे कुठून सुरुवात केली ते सापडतच नाही. शेवटी सुईच्या नाकाने एकेक टाका उचलून घेतला. दोरा पिवळा पडलाय पण तुटत नाही. तिने मेणाच्या खड्यावरून ओढलेला होता, बोटाला अजून गुळगुळीत लागतो.

वर हिरवं लुगडं, मधोमध दांड घातलेलं. म्हणजे मधे विरलेला भाग कापून टाकून दोन्ही तुकडे जोडलेले. हे लुगडं मला आठवतं. आई ते नेसून पहाटे नळावर जायची. त्याखाली धोतर. त्याखाली दुसरं धोतर, पण वेगळ्या काठाचं. तिसरं जाडंभरडं, एका टोकाला गिरणीचा निळा छाप, अर्धा पुसलेला, नाव वाचता येत नाही. आणि त्याखाली आणखी एक वाकळ.

आम्ही सगळ्याच गप्प बसलो. आतल्या वाकळीचे टाके वेगळे. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, हा जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढा. दोरा विकत आणलेला नाही, लुगड्याच्या काठातून उपसलेला, लाल आणि काळा मिसळलेला. हा हात आजीचा. आईने लग्नात माहेरून एक वाकळ आणली होती असं ती सांगायची. पुढे त्या वाकळीचं काय झालं ते मी कधी विचारलंच नाही. ती आमच्या अंगावरच होती.

ती धोतरं कुणाची ते मात्र मला ठाऊक आहे. लिहीन सवडीने.

सोमवार, 8 जुलै

रात्रभर पाऊस. पहाटे एकपासून सात वाजेपर्यंत काही ठिकाणी 300 मिलीमीटरच्या वर पडला असं बातम्यांत सांगत होते. लोकल बंद. डोंबिवलीवालीचा फोन, कल्याणच्या पुढे-मागे काहीच हलत नाही. वाकळ कपाटाच्या वरच्या खणात हलवली. सुया टाल्कम पावडरच्या डबीत घातल्या, नाहीतर आठ दिवसांत गंजतात आणि गंजकी सुई कापडावर डाग सोडते.

शनिवार, 13 जुलै

नव्या थरासाठी कापड. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

हिंदमाताला नवं कापड हवं तेवढं मिळतं, पण नव्या कापडाला खळ असते, ते कडक असतं, आणि पहिल्या धुण्यात आटतं. आतली जुनेरं आटून आटून थांबलेली. वर नवं कापड घातलं तर धुतल्यावर तेच तेवढं आवळतं आणि वाकळ सुरकुतते. म्हणून वर घालायचं तेही वापरून मऊ झालेलंच हवं. प्रत्येकीला घरातली एक सुती साडी आणायला सांगितलं होतं. सहा आल्या. त्यांतल्या फक्त दोन सुती निघाल्या.

हे दरवर्षी जास्तच होत चाललंय. कपाटं साड्यांनी भरलेली, पण बहुतेक सिंथेटिक. कापडाकडे बघून कळत नाही म्हणून मी सूत जाळून दाखवते. काठातून एक सूत ओढायचं, चिमट्यात धरून काडी लावायची. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला काळा कडक मणी होतो. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी सासूबाईंची म्हणून आणलेली साडी मण्यात संपली. त्यांना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, हिचा एक चौकोन वर लावू, अंगाला लागणार नाही अशा जागी. पॉलिस्टर घाम शोषत नाही, मुंबईच्या दमट हवेत त्याखाली झोप लागत नाही. पोटात तर नकोच, ते थरांमधून सरकत राहतं. पण सासूबाईंची आठवण बाहेर ठेवायची नाही एवढं मला पटतं.

पूर्वी चाळीत बोहारीण यायची. जुने कपडे घेऊन भांडी द्यायची. आई तिच्याशी उलटा सौदा करायची: घरातलं भांडं देऊन तिच्या गाठोड्यातून मऊ लुगडं निवडून घ्यायची. बोहारीण म्हणायची, बाई, तुम्हीच धंद्याला बसा माझ्या जागी.

दोन साड्या नक्की: बँकेच्या ताईंची सायीच्या रंगाची, निळ्या काठाची, नर्स पोरीच्या आजीची नारायणपेठ, पार लोण्यासारखी झालेली. एक वर, एक खाली.

शनिवार, 20 जुलै

अंथरायचं कुठे, हा प्रश्न. चाळीत सामाईक गॅलरी होती. दुपारी पुरुष पाळीवर गेले की बायका गॅलरीभर लुगडी पसरायच्या, चार कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवायच्या. आता त्याच जागी आमची तेवीस मजल्यांची इमारत आहे, घरं चांगली आहेत, पण साडेसहा फूट मोकळी जमीन एकाही घरात नाही. लिफ्टसमोरच्या पॅसेजमधे पसरलं. तासाभरात एकांनी तक्रार केली. मी त्यांना बसवून वाकळ दाखवली, ती कुठल्या चाळीतली ते सांगितलं. शनिवारी अकरा ते एक पॅसेज वापरायला मिळाला.

खाली नारायणपेठ, मधे वाकळ, वर सायीची साडी. कच्चे टाके मधून बाहेर घालायचे, उन्हाच्या किरणांसारखे, म्हणजे सुरकुत्या कडेला ढकलल्या जातात. सहाजणी सहा बाजूंनी गुडघ्यांवर. माझे गुडघे आता होत नाहीत, मी स्टुलावर बसून सांगत होते.

शनिवार, 27 जुलै

धावदोरा सुरू. पहिला तास सगळ्यांचाच वाया गेला, तसा तो जावाच लागतो.

नवशिकीची नजर वर असते. वरून टाके सरळ, सारखे, सुंदर दिसतात. मी वाकळ उलटी केली. मागे चारांतले तीन टाके नाहीत. सुई वरच्या दोन-तीन थरांतूनच पोहून निघाली होती. हे धुण्यात उघडं पडतं: थर सुटतात, आत झोळ पडतो, आणि झोपणाऱ्याच्या पायाशी सगळं पोट गोळा होतं.

म्हणून डावा हात वाकळीखाली. सुई उभी टोचायची, अगदी उभी. खालच्या बोटाला टोक जाणवलं की सगळे थर पार झाले. मग त्याच बोटाने टोक वर उचलायचं आणि उजव्या मधल्या बोटाच्या अंगुस्तानाने, म्हणजे बोटावरच्या टोपणाने, मागून रेटायचं. डोळ्यांचं काम फक्त रेघ धरण्यापुरतं. टाका लागला की नाही ते खालचं बोट सांगतं. त्या बोटाला आठवडाभर बारीक भोकं पडतात, मग कातडी घट्ट होते. आईचं ते बोट कायम खरखरीत होतं. ताप आला की ती त्याच हाताने कपाळ चाचपायची.

मला हे तिने बोलून शिकवलंच नाही. मी नऊ वर्षांची होते. तिने माझे डोळे पदराने बांधले आणि म्हणाली, घाल चार टाके. तीन लागले.

आज मी बँकेच्या ताईंना डोळे मिटायला सांगितलं. पहिल्या आठात पाच आरपार. त्यांनी वाकळ उलटून स्वतः मोजले, पुन्हा मोजले. वरच्या सरळ रेघा बघून त्यांचं अर्धं शिकणं अडलं होतं.

शनिवार, 3 ऑगस्ट

सुई 7 नंबरची. डोंबिवलीवालीने 10 ची आणली होती, ती फार बारीक, इतक्या थरांत वाकते. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते हे दुकानात कुणी सांगत नाही. दोरा हातभरच ओवायचा, लांब घेतला की पीळ पडतो.

शनिवार, 10 ऑगस्ट

वाईट दिवस. कडेला लावायला लाल खणाची पट्टी आणली होती. दुकानदाराने पक्का रंग म्हणून सांगितलं आणि मी ते मानलं. पांढरं फडकं ओलं करून घासून बघायचं, हे मी प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगते. ते मीच केलं नाही. पॅसेजच्या खिडकीतून सर आली, पट्टी भिजली आणि लाल पाणी सायीच्या साडीत उतरलं. बँकेच्या ताईंनी ही साडी पहिल्या पगारात घेतली होती.

लगेच गार पाणी ओतत राहिलो. गरम पाणी, साबण, ऊन, तिन्ही नको, त्यांनी रंग बसतो. पट्टी उसवून काढली. बराचसा डाग गेला, पण तळहाताएवढा गुलाबी राहिला. मी ताईंची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, डाग असलेला भाग मांडीवर घेऊन शिवत बसल्या.

शनिवार, 17 ऑगस्ट

नर्स पोरीने डागावर चौकोन लावला, तिच्या शिकाऊपणातल्या सुती ओढणीचा. रात्रपाळी करून थेट आली होती. कडा पाव इंच आत दुमडून, टाके न दिसतील असे. मी काही दुरुस्त केलं नाही.

शनिवार, 31 ऑगस्ट

ताईंनी हिशेब मांडला. दोन रेघांत दीड सेंटिमीटर अंतर. तेवढ्या क्षेत्रावर एकूण दोरा धावतो सुमारे 150 मीटर. टाका आणि मोकळी जागा मिळून सेंटिमीटर धरला तर पंधरा हजार टाके. दोरा दुहेरी, म्हणजे 300 मीटर आणि वर थोडा. एका उभ्या रेघेला वीस मिनिटं, म्हणजे साधारण पंचवीस तासांचं शिवणं. ताई आकडा बघत म्हणाल्या, आणि आत तुमच्या आईचे आहेत ते वेगळेच.

आई रेघा उभ्या घालायची नाही. कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मधे यायची. त्यात सैल कापड मधे साचायची भीती असते, म्हणून दर तीन फेऱ्यांनी थांबून तळवा आतून बाहेर फिरवायची. बंगालच्या गोधडीत, कांथ्यातही, हाच धावदोरा आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका अशीच कडेपासून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांचे त्रिकोण लावतात, त्यांना त्या फुला म्हणतात. या बायका एकमेकींना भेटल्या नसणार. जुनेर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला सोयीची वाट तीच असावी.

आम्हीही चौकोनात चौकोनच घेतोय. दोऱ्याची लांबी तेवढीच भरते.

शनिवार, 7 सप्टेंबर

गणपती बसले. लालबागमधे आता दहा दिवस पाय ठेवायला जागा नाही. वर्ग अनंत चतुर्दशीनंतर.

शनिवार, 28 सप्टेंबर

आज शिवताना धोतरांचं सांगितलं.

आई खाणावळ चालवायची. चौदा जण, दोन वेळा. सगळे गावाकडचे, बायकामुलं गावी, इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. महिना झाला की पैसे देत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तोवर आई सावकाराकडूनच रेशनला पैसे उचलायची.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर. मी बावीस वर्षांची होते. पहिले दोन महिने आईने उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावी जायला लागला. देणी राहिली होती. जाताना ते धोतरं, पंचे, सदरे ठेवून गेले, धुऊन, घडी घालून. कुणी म्हणालं नाही की हे पैशांच्या बदल्यात. म्हणाले, वहिनी, गाठोडं जड होतंय, राहू द्या इथे, आलो की नेईन. दोघेतिघे सोडले तर कुणी आलं नाही.

आईने ती धोतरं वर्षभर तशीच ठेवली. आमचे बाबाही गिरणीतच होते, घरात पैसा नव्हता, बोहारीण दारात यायची. तरी तिने ती दिली नाहीत. मग एका पावसाळ्यात आपल्या माहेरच्या वाकळीवर चढवली. त्याच वर्षी ती पैसे घेऊन लोकांच्या गोधड्या शिवायला लागली आणि मी तिच्याबरोबर. माझं शिकवणं तिथूनच सुरू झालं, शेजारच्या मुलींना सुई धरायला दाखवण्यापासून.

हे ऐकून चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, माझे सासरे असेच परत गेले होते, कोकणात. कुठे जेवायचे ते मात्र आम्हाला ठाऊक नाही.

शनिवार, 12 ऑक्टोबर

दसरा. सुया, कात्री, अंगुस्तान, मेणाचा खडा पाटावर मांडून पूजा. आज सुई उचलायची नाही.

शनिवार, 26 ऑक्टोबर

मधला चौकोन वीतभर उरला. डोंबिवलीवाली तिचं स्वतःचं दुपटं बायकांच्या डब्यात शिवते. आठ टाके ठाणे ते मुलुंड, अशी ती मोजते. तिच्या दुपट्याची मागची बाजू आज तपासली. एकही टाका चुकलेला नाही. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि मारली.

शनिवार, 16 नोव्हेंबर

वाकळ झाली. लांबी 6 फूट 6 इंच, रुंदी 3 फूट 9 इंच, वजन 3 किलो 100 ग्रॅम. कडेला लाल खण नाहीच. नारायणपेठेचाच काठ वर दुमडून घेतला.

शेवटची फेरी बंद करण्याआधी आई मधल्या पोकळीत भाकरीचा तुकडा घालायची. वाकळीला उपाशी बंद करायचं नाही म्हणायची. तुकड्याला कीड लागते म्हणून मी तांदळाचे चार दाणे घालते. आज ते नर्स पोरीने घातले आणि शेवटचे टाके बँकेच्या ताईंनी, डोळे मिटून.

जूनमधे उसवलेला उजवा खालचा कोपरा आम्ही पक्का शिवला नाही. तिथे चार बोटं जागेवर फक्त कच्चा टाका आहे, लाल दोऱ्याचा, पक्क्या रंगाचा, या वेळी फडक्यावर घासून पाहिलेला. कुणाला आत बघायचं असेल तर आईचे टाके तोडावे लागू नयेत. आतल्या धोतरावर ताईंनी मार्किंगच्या पेनाने आजची तारीख आणि आधीची सालं लिहिली आहेत. आजीच्या थराचं साल माहीत नाही, तिथे रिकामी रेघ आहे.

पहिली रात्र नर्स पोरगी नेणार आहे. उद्या सकाळी तिची रात्रपाळी सुटते.